एक चौरस मैल आणि आपला फोर्ट

मुंबईचं आर्थिक केंद्र गुजरातने पळवलं की ते आपल्याच सुस्तीमुळे गेलं, हा वाद आमच्या घरात दर सणाला होतो. पक्ष ठरलेले आहेत. काका सांगतात, की मुंबईला आंतरराष्ट्रीय वित्तकेंद्र करावं असं पर्सी मिस्त्री समितीने २००७ मध्येच लिहून दिलं होतं. पुढे गिफ्ट सिटी उभी राहिली ती गांधीनगरला, नियामक प्राधिकरणही तिथेच गेलं, आणि वांद्रे-कुर्ला संकुलात ज्या जागेवर मुंबईचं केंद्र व्हायचं तिथे बुलेट ट्रेनचं स्टेशन आलं. चुलतभाऊ म्हणतो, भावनेवर धंदा चालत नाही. कंपन्यांना करसवलत हवी, प्रशस्त मजले हवेत, परवानग्या वेळेवर हव्यात. हे जिथे मिळेल तिथे त्या जाणार. मी लंडनमध्ये एका विमा दलालीच्या ऑफिसात काम करते, म्हणून फोन स्पीकरवर टाकून मला विचारलं जातं, "तू सांग, तिकडे कसं आहे?"

मला खुपतं ते वेगळंच. या भांडणात दोन्ही बाजूंचं एका गोष्टीवर न बोलता एकमत झालेलं आहे, की फोर्ट संपला. गिफ्ट सिटी की बीकेसी, एवढंच उरलं. जिथे रिझर्व्ह बँक आहे, दलाल स्ट्रीट आहे, टाऊन हॉलसमोरच्या वडाखाली शेअर दलाल जमायचे आणि १८७५ मध्ये त्यांची संघटना झाली, तो दीड-दोन किलोमीटरचा भाग जणू फोटो काढण्यापुरता. लंडनची सिटी, म्हणजे तिथला जुना आर्थिक भाग, रोज पायाखाली घालणाऱ्या माणसाला हे मान्य होणं शक्य नाही.

यंदा आत्या आली तेव्हा हे सगळं तिच्यासोबत चालून पाहिलं. आत्याने उभी नोकरी फोर्टातल्या एका राष्ट्रीयीकृत बँकेत केली. राजवाडा, लंडन आय वगैरे तिने पहिल्या दोन दिवसांत उरकलं आणि म्हणाली, "आता मला इथला फोर्ट दाखव." मी मुद्दाम कामाच्या दिवशी रजा घेतली, कारण शनिवार-रविवारी सिटीत पब आणि दुकानंसुद्धा बरीचशी बंद असतात. जेमतेम २.९ चौरस किलोमीटरची ही जागा, म्हणून तिला 'एक चौरस मैल' म्हणायची पद्धत. राहणारे लोक साडेआठ हजारांच्या आसपास, आणि कामाला येणारे सहा लाखांहून जास्त.

बँक स्टेशनातून वर आलं की सहा-सात रस्ते एकत्र येतात तो चौक लागतो. एका बाजूला बँक ऑफ इंग्लंडची बिनखिडक्यांची भिंत, समोर रॉयल एक्स्चेंजचे खांब, पलीकडे लॉर्ड मेयरचं मॅन्शन हाऊस. आत्या थबकली ती इमारती पाहून नव्हे, आवाज नाही म्हणून. या चौकात २०१५ मध्ये एक सायकलस्वार मृत्युमुखी पडली. त्यानंतर २०१७ पासून कामाच्या दिवशी सकाळी ७ ते संध्याकाळी ७ इथून बस आणि सायकली सोडून बहुतेक वाहनांना बंदी झाली, मग पदपथ रुंद केले. टॅक्सीवाल्यांनी जोरदार विरोध केला, आणि २०२५ मध्ये प्रयोग म्हणून त्यांना काही बाजूंनी परत वाट मिळाली. पण लंडनमधल्या महागड्या ऑफिसांच्या दारातला रस्ता आज पायी चालणाऱ्याचा आहे. "आमच्याकडे हुतात्मा चौक ओलांडायला जीव मुठीत धरावा लागायचा," आत्या म्हणाली.

रॉयल एक्स्चेंजसमोर घोड्यावर बसलेला एक पुतळा आहे, ड्यूक ऑफ वेलिंग्टनचा. फ्रेंचांकडून जिंकलेल्या तोफांच्या धातूतून तो ओतला आणि १८४४ साली इथे बसवला. सिटीने हा मान दिला तो लंडन ब्रिजच्या बाजूचे नवे रस्ते करायचा कायदा मंजूर करून घ्यायला त्याने मदत केली म्हणून. आत्या पुतळ्याला एक चक्कर मारून आली आणि म्हणाली, "म्हणजे हा असईचा वेलस्ली." तिचं सासर जालन्याकडचं, त्यामुळे ड्यूकचं हे मूळ नाव तिच्या तोंडात होतं. भोकरदनजवळच्या असई गावापाशी, केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात, २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजेशी हा लढला. जिंकला, पण त्याच्या सैन्यातला जवळजवळ तिसरा हिस्सा ठार किंवा जखमी झाला. शिंद्यांच्या तोफखान्याने त्या दिवशी जी तोफ डागली तिची आठवण त्याला जन्मभर पुरली. लढाईतली तुमची सर्वांत चांगली कामगिरी कोणती, असं म्हातारपणी कुणी विचारल्यावर त्याने वॉटर्लू नव्हे, असई म्हटल्याचं सांगतात. चौथऱ्याजवळ पर्यटकांना मार्गदर्शक बरंच काही सांगत होता. असई त्यात नव्हती.

तिथून आम्ही बार्थोलोम्यू लेनमधल्या दारातून बँक ऑफ इंग्लंडच्या संग्रहालयात शिरलो. प्रवेश फुकट आहे. १६९४ साली ही बँक निघाली ती फ्रान्सशी लढायला राजाला पैसे हवे होते म्हणून. आजची मोठी इमारत मात्र दोन महायुद्धांच्या मधली, हर्बर्ट बेकर या वास्तुविशारदाची. दिल्लीत लट्यन्सच्या जोडीने सचिवालयाच्या इमारती उभ्या केल्या तोच हा. संग्रहालयात एका पारदर्शक पेटीत सोन्याची खरी वीट ठेवली आहे. पेटीला भोक आहे, त्यातून हात घालून वीट उचलायची. वजन सुमारे १३ किलो. शाळेची मुलं दोन्ही हात घालायचा प्रयत्न करत होती. आत्याचा नंबर आला तेव्हा तिने मनगट वाकवून वीट जरा उचलली, खाली ठेवली, आणि बाजूला होऊन काहीच बोलली नाही. मग बाकावर बसल्यावर म्हणाली, "एक्क्याण्णव साली आमच्या ब्रँचमध्ये बायका रडल्या होत्या."

ज्यांना ते वर्ष आठवत नाही त्यांच्यासाठी सांगते. आखाती युद्धाने तेल महागलं, परकीय चलन दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतं राहिलं, आणि जुलै १९९१ मध्ये रिझर्व्ह बँकेने सुमारे ४७ टन सोनं बँक ऑफ इंग्लंडकडे तारण म्हणून पाठवलं. त्यावर बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडून मिळून सुमारे ४० कोटी डॉलर मिळाले. सोनं मुंबईहून विमानाने आलं. घरातलं सोनं गहाण टाकणं म्हणजे काय, हे बँकेच्या काउंटरवर बसणाऱ्या बायकांना कुणी समजावून सांगायला नको होतं. कर्ज त्याच वर्षी फिटलं. २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने ब्रिटनमध्ये ठेवलेल्या सोन्यापैकी सुमारे १०० टन मायदेशी हलवलं, तेव्हा आत्याने मला रात्री उशिरा फोन करून बातमी वाचून दाखवली होती. या सगळ्या घटनेचं मुंबईतलं टोक फोर्टात आहे, रिझर्व्ह बँकेच्या मिंट रोडला. सिटीने आपली प्रत्येक तारीख लोकांना हात लावून पाहता येईल अशी मांडली आहे. आपल्या देशाच्या अर्थकारणाचं सर्वांत मोठं वळण ज्या रस्त्यांवरून गेलं, ते रस्ते पाहायला आलेल्या मुलाला तिथे काय दिसतं? रिझर्व्ह बँकेचं नाण्यानोटांचं संग्रहालय फोर्टात आहे, चांगलं आहे. पण ते सापडणारा माणूस आधीच माहिती असलेला असतो.

वॉलब्रुकला ब्लूमबर्ग कंपनीचं मोठं ऑफिस आहे. त्याच्या तळघरात मिथ्रास या देवाचं रोमन मंदिर आहे. १९५४ मध्ये, बॉम्बने उद्ध्वस्त झालेल्या जागेवर नवं ऑफिस बांधताना ते सापडलं आणि लोकांनी पाहायला रांगा लावल्या. मग ते उचलून जवळच दुसरीकडे, अगदी भलत्या पद्धतीने मांडलं गेलं. ब्लूमबर्गने जागा घेतली तेव्हा ते परत जवळजवळ मूळ ठिकाणी आणलं, २०१७ मध्ये खुलं केलं, आणि पाहायला पैसे घेत नाहीत. बांधकामाआधीच्या उत्खननात चिखलात चारशेहून अधिक लाकडी पाट्या मिळाल्या. त्यांवर मेणाचा थर असायचा, त्यावर टोकदार सळईने लिहायचे; मेण गेलं, लाकडावरचे ओरखडे राहिले. त्यांतली एक पाटी आत्याने काचेला नाक लावून पाहिली. तारीख ८ जानेवारी, इसवी सन ५७. टिबुलस नावाचा मुक्त केलेला गुलाम लिहून देतो, की विकलेल्या आणि पोचवलेल्या मालाचे १०५ दिनार मी ग्रेटसला देणं लागतो. सिटीतला हा सर्वांत जुना आर्थिक दस्तऐवज. आत्या म्हणाली, "साक्षीदाराची सही कुठाय?"

हे सगळं सिटीच्या सद्भावनेतून आलेलं नाही, हे घरच्यांना मी पुन्हा पुन्हा सांगते. इथे जुन्या थरावर बांधायचं तर आधी उत्खनन करावं लागतं आणि खर्च बांधणाऱ्याचा. जे सापडेल ते लोकांना दाखवायची सोय बऱ्याचदा परवानगीच्या वाटाघाटीतच ठरते. व्हाईन स्ट्रीटवर विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या तळघरात रोमन तटाचा मोठा तुकडा २०२३ पासून कुणालाही फुकट पाहता येतो. २०२५ मध्ये ग्रेसचर्च स्ट्रीटवरच्या ८५ नंबरच्या इमारतीखाली लंडनच्या पहिल्या रोमन बॅसिलिकाचे, म्हणजे न्यायदानाच्या आणि व्यवहाराच्या सभागृहाचे दगड सापडले. तिथे मनोरा व्हायचा आहे. मालकांनी आराखडा बदलून अवशेष दाखवायचं ठरवलं. उंच गच्च्यांचंही तसंच. बावीस बिशप्सगेट हा २७८ मीटरचा मनोरा, वरची गॅलरी फुकट, फक्त आधी वेळ घ्यावी लागते. आम्ही गेलो. उंचीवरून आत्याने थेम्स पाहिली आणि लगेच विचारलं की आपलं राजाबाई टॉवर वर जायला कधी मिळेल. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आता चुलतभावाचा मुद्दा. कंपन्यांना मोठे मजले हवेत, जुनं शहर अडचण करतं. लंडनला अगदी हाच प्रश्न चाळीस वर्षांपूर्वी पडला. २७ ऑक्टोबर १९८६ रोजी शेअर बाजाराचे जुने नियम एका दिवसात मोडले, व्यवहार बाजाराच्या दालनातून संगणकावर गेले, आणि अमेरिकी बँकांना फुटबॉलच्या मैदानाएवढे मजले हवे झाले. सिटी तेव्हा जुन्या इमारती जपायच्या भूमिकेत होती. म्हणून पूर्वेला, बंद पडलेल्या गोद्यांच्या जागी, कॅनरी व्हार्फ उभं राहिलं. सरकारने करसवलती दिल्या. मुख्य मनोरा १९९१ मध्ये पुरा झाला, पुढच्याच वर्षी बांधणारी कंपनी दिवाळखोरीत गेली, ज्युबिली लाइनची मेट्रो १९९९ मध्ये पोचल्यावर जागा जिवंत झाली. म्हणजे लंडनची बीकेसी. सगळेजण म्हणाले, सिटी संपली.

सिटीने काय केलं? हात झटकले नाहीत. जुन्या गल्ल्यांचा नकाशा, जो १६६६ च्या आगीनंतरही फारसा बदलला नाही, तसाच ठेवला, आणि पूर्वेकडच्या एका पट्ट्यात मनोऱ्यांना वाट दिली. पण एका नियमाला हात लावला नाही. १९३० च्या दशकात फॅराडे हाऊस या टेलिफोन एक्स्चेंजने नदीवरून दिसणारा सेंट पॉलचा घुमट झाकला, तेव्हा लोक संतापले आणि त्या दशकाच्या शेवटी नियम झाला की घुमटाकडच्या ठरावीक नजरांच्या आड इमारत यायची नाही. बॉम्ब पडले, सरकारं बदलली, पैशांचे पूर आले, नियम टिकला. लेडनहॉल स्ट्रीटचा २२५ मीटरचा मनोरा पाचरीसारखा मागे कललेला आहे तो फ्लीट स्ट्रीटवरून घुमट मोकळा दिसावा म्हणून. आर्किटेक्टने बंधन पाळायचं ठरवलं आणि त्यातूनच त्या इमारतीचा चेहरा झाला. २०२१ मध्ये सिटीच्या नगरसेवकांनी बेव्हिस मार्क्स या १७०१ च्या सिनेगॉगशेजारचा जवळजवळ पन्नास मजली मनोरा फेटाळला, कारण प्रार्थनागृहाचा उजेड गेला असता.

आणि निकाल? एचएसबीसीने २०२३ मध्ये जाहीर केलं, की कॅनरी व्हार्फमधला आपला ४५ मजली मनोरा सोडून ती सिटीत, सेंट पॉलच्या जवळ, एका जुन्या इमारतीचं नूतनीकरण करून येणार. क्लिफर्ड चान्स ही वकिलांची मोठी फर्मही सिटीत परतायला निघाली. कॅनरी व्हार्फ ओसाड पडलं असं मी म्हणणार नाही. जेपी मॉर्गनने २०२५ च्या अखेरीस तिथेच अवाढव्य नवा मनोरा बांधायचं जाहीर केलं. पण 'जुनं शहर आर्थिक केंद्र होऊ शकत नाही' हे वाक्य लंडनपुरतं तरी खोटं पडलं आहे. माझ्या ऑफिसातल्या तरुण मुलामुलींना विचारलं तर ती सांगतात, घरून काम करायची मुभा असताना ऑफिसात यायचं कशासाठी? दुपारी लेडनहॉल मार्केटच्या छताखाली चालता येतं म्हणून, भेटायला गल्लीत १६५२ च्या कॉफीहाऊसच्या जागेवरचा पब आहे म्हणून.

दुपारी आम्ही सेंट डन्स्टन-इन-द-ईस्टमध्ये बसलो. १९४१ च्या बॉम्बहल्ल्यात या चर्चचं छप्पर गेलं. सिटीने भिंती राखून आत बाग केली. कमानींतून वेली आल्या आहेत. ऑफिसचे लोक सँडविच खात होते, आम्ही पोळी-भाजी. आत्याने आजूबाजूला पाहून विचारलं, "इथे झाडूपोछा करणारे लोक कुठे जेवतात?" प्रश्न रास्त होता. या काचेच्या इमारती पहाटे चारच्या बसने येणारी माणसं पुसतात, बहुतेक परदेशातून आलेली. सूटवाले येण्याआधी ती निघालेली असतात, आणि त्या एका चौरस मैलात त्यांना परवडेल असं घर जवळजवळ नाही, परवडेल असं जेवणही जवळजवळ नाही. फोर्टात साहेब आणि शिपाई एकाच खाऊगल्लीत पाव-भाजी खातात, डबेवाला दोघांचा डबा आणतो, इराण्याकडे दोघांना सारखाच ब्रून-मस्का. लंडनला हे कधीच जमलं नाही. फोर्टाची ही ताकद कुठल्याही समितीने मोजलेली नाही.

लेडनहॉल स्ट्रीटवर लॉइड्स या विमा बाजाराची इमारत आहे, पाइप आणि लिफ्ट बाहेर काढलेली. १९८६ ची, आणि २०११ मध्येच सर्वोच्च श्रेणीच्या वारसायादीत घेतलेली. याच जागेवर ईस्ट इंडिया हाऊस होतं. दुसऱ्या चार्ल्सने १६६८ मध्ये वर्षाला दहा पौंडांच्या भाड्याने मुंबई कंपनीला दिली. मुंबईत कुठला गव्हर्नर, पुण्याच्या दरबाराशी काय बोलायचं, बंगालच्या कापडाचा दर काय, यांवरचे हुकूम इथल्या टेबलांवरून निघायचे. १८६० च्या दशकाच्या सुरुवातीला ते घर पाडलं. मी रोज तिथून जाते. त्या घराची आठवण करून देणारं ठळक काही मला आजवर दिसलेलं नाही. रोमन गुलामाच्या १०५ दिनारांचा हिशेब काचेत आहे, कंपनीच्या नफ्याचा नाही. सिटीचं कौतुक करताना हे बोललंच पाहिजे. गिल्डहॉलमधल्या विल्यम बेकफर्डच्या पुतळ्याबाबत, म्हणजे दोनदा लॉर्ड मेयर झालेल्या गुलाममळेवाल्याबाबत, आधी २०२१ मध्ये तो हलवायचं ठरलं, मग त्याच वर्षी ठेवून पाटी लावायचं ठरलं. कंपनीच्या बाबतीत तेवढीही चर्चा नाही.

आपण उलट दिशेने जातो. नाव बदलतो आणि काम झालं असं समजतो. कारनॅक पूल २०२५ मध्ये सिंदूर पूल झाला. ज्या गव्हर्नरने साताऱ्याच्या प्रतापसिंह छत्रपतींना पदच्युत केलं तो हाच कारनॅक, हे पुलावरून जाणाऱ्या मुलाला आता कोण सांगणार? नाव बदलायला माझी हरकत नाही. गोष्ट पुसायला आहे. ज्यांच्या नावाचा रस्ता फोर्टाच्या मधून जातो, त्या दादाभाई नौरोजींनी १८५५ मध्ये कामा कंपनीचे भागीदार म्हणून लंडनमध्ये व्यापार केला, १८९२ मध्ये सिटीला लागून असलेल्या सेंट्रल फिन्सबरीतून ते पार्लमेंटवर निवडून आले, आणि हिंदुस्थानातून इंग्लंडला किती पैसा वाहून जातो याचा हिशेब इंग्रजांच्याच आकड्यांनी मांडला. लेडनहॉल स्ट्रीटच्या गप्प राहण्याला उत्तर द्यायची जागा दादाभाईंचा रस्ता आहे. उत्तरेकडे व्हीटी, दक्षिण टोकाला हुतात्मा चौक: कंपनीच्या तटापासून संयुक्त महाराष्ट्राच्या गोळीबारापर्यंतची सगळी गोष्ट दहा मिनिटांच्या चालण्यात बसते. लंडनच्या सिटीकडे असा रस्ता नाही.

फोर्ट रिकामा का होतो, याची कारणं गुजरातेत नाहीत. १९४७ च्या मुंबई भाडेकायद्याने भाडी १९४० च्या पातळीला गोठवली. भाडेकरूंना संरक्षण हवंच होतं. पण पुढची पन्नास वर्षं मालकाला दुरुस्तीपुरतेही पैसे मिळेनात, आणि दगडी इमारतींमधून पिंपळ उगवले. १९९९ च्या कायद्याने बँका आणि एक कोटीवर भागभांडवल असलेल्या कंपन्यांना संरक्षणातून वगळलं, तेव्हा ज्यांना जास्त भाडं परवडत होतं तेच बीकेसीकडे निघाले. पगडीवाले लहान भाडेकरू आणि खचलेला मालक मागे राहिले. काळा घोड्याजवळची एस्प्लनेड मॅन्शन पाहा. १८६० च्या दशकातलं वॉटसन हॉटेल, इंग्लंडमध्ये घडवून जहाजाने आणलेला ओतीव लोखंडाचा सांगाडा, १८९६ मध्ये हिंदुस्थानातला पहिला चलत्चित्रपट तिथे दाखवला गेला. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशाने ती रिकामी करावी लागली, कारण ती राहण्यालायक उरली नव्हती. लंडनमध्ये अशी इमारत असती तर तिच्यासाठी बँकांनी बोली लावली असती.

नियम करायची अक्कल आपल्याकडे नाही, असंही नाही. वारसा इमारतींसाठीचे देशातले पहिले नियम मुंबईने १९९५ मध्ये केले. दादाभाई नौरोजी रस्त्यावरच्या तळमजल्यांना सलग कमानी आहेत त्या एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस केलेल्या नियमामुळे, म्हणजे पावसात आणि उन्हात लोकांना चालता यावं म्हणून. याच रस्त्यावर दुकानांच्या पाट्या शिस्तीत आणल्याबद्दल २००४ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक पुरस्कार मिळाला. २०१८ मध्ये ओव्हलभोवतीच्या व्हिक्टोरियन आणि आर्ट डेको इमारती जागतिक वारसा झाल्या, तेही नागरिकांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला म्हणून. अडतं ते नियम टिकवण्यात. सिटीचं नगरशासन पार्लमेंटहून जुनं आहे. मला त्याचा प्रत्येक भाग मान्य नाही. तिथे कंपन्यांना कर्मचारीसंख्येप्रमाणे मतदार नेमता येतात, हे लोकशाहीला शोभत नाही. पण पंचवीस वॉर्डांचे निवडलेले लोक उघड बैठकीत मनोरा मंजूर किंवा नामंजूर करतात, आणि कुणी कसं मत दिलं ते दुसऱ्या दिवशी पेपरात येतं. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपल्यावर जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत सभागृहात निवडून आलेलं कुणीच नव्हतं. जवळजवळ चार वर्षं फोर्टातल्या पदपथाबद्दल जाब विचारायला माणूसच नव्हता.

आता नगरसेवक आहेत. ऑक्टोबर २०२५ पासून मेट्रो ३ कफ परेडपर्यंत धावते आहे, बीकेसीत चढलेला माणूस हुतात्मा चौकात उतरतो, आणि गिफ्ट सिटी की बीकेसी यावर घसा कोरडा करणाऱ्यांनी ही गाडी एकदा फोर्टपर्यंत पकडून पाहावी. ए वॉर्डाच्या नगरसेवकाकडे मागायला तीन गोष्टी पुरेशा आहेत. दादाभाई नौरोजी रस्त्याच्या कमानींखालून चालायला सलग वाट. हुतात्मा चौकात स्टेशनच्या दारापासून फ्लोरा फाउंटनपर्यंत कामाच्या वेळेत गाड्यांना बंदी, बँक जंक्शनसारखी. आणि कोटाचा जो तुकडा शिल्लक आहे तो लोकांना पाहता येणं. १८६० च्या दशकात गव्हर्नर फ्रेअरने तट पाडला, पण सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवाराजवळ जॉर्ज किल्ल्याचा एक भाग अजून उभा आहे, आणि राज्याच्या पुरातत्त्व खात्याचं ऑफिस बरीच वर्षं तिथेच राहिलं आहे. तिथे एक फाटक, एक मराठी फलक आणि सकाळी दहा ते पाच उघडं ठेवायला एक माणूस लागेल. त्यासाठी ना दिल्लीची परवानगी लागते, ना गांधीनगरची.